शेठजींची देणगी आणि जिमखान्याचा उंबरठा

शहराचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे आपण तट, वेशी, देवळे, वाडे आणि लढाया यांची यादी करतो. अलीकडे त्यात गिरण्या, शाळा आणि छापखाने यांची भर पडली आहे. परंतु संध्याकाळी चार माणसे कोठे जमत होती, कोणाच्या शेजारी कोण बसत होते आणि कोणाला दारातूनच परत पाठविले जात होते, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात क्वचितच विचारलेला आढळतो. आमच्या मते समाजाची खरी परीक्षा याच प्रश्नात असते. म्हणून आज आम्ही श्रोत्यांपुढे कोणा राजाची कथा न मांडता एका क्लबाची कथा मांडणार आहोत. मुंबईच्या एका व्यापारी घराण्याच्या देणगीतून उभा राहिलेला परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना हा तो क्लब होय.

आपल्याकडे एकत्र बसण्याच्या जागा पूर्वीपासून होत्याच. गावात पार होता, चावडी होती, देवळाचा सभामंडप होता, तालीम होती. या जागांना वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती, चिटणीस नव्हता. पण त्या सर्वांना मोकळ्या होत्या असे मात्र कोणी समजू नये. कोणी पारावर बसावयाचे, कोणी खाली उभे राहावयाचे आणि कोणी पाराकडे फिरकावयाचेही नाही, हे न लिहिलेले नियम प्रत्येकाला पाठ होते. इंग्रजी अमलात ‘क्लब’ नावाची नवी वस्तू आली. तिचे नियम मात्र छापलेले असत. सभासद कोण होऊ शकतो, त्याला कोणी सुचवावयाचे, वर्गणी किती, हे सारे त्यात नमूद केलेले असे. जुन्या पारावरची मेख परंपरेची होती, नव्या क्लबातली मेख नियमावलीची होती, एवढाच काय तो भेद.

मुंबईत गोऱ्या साहेबलोकांनी १८३३ साली भायखळा क्लब स्थापन केला आणि १८७५ साली बॉम्बे जिमखाना काढला. दोन्ही संस्थांत हिंदी माणसाला सभासद म्हणून प्रवेश नव्हता. ज्यांच्या पेढ्यांतून साहेबांचा व्यापार चाले, ज्यांच्या गिरण्यांचा धूर शहरावर पसरलेला असे, अशा धनाढ्य शेठांनाही त्या दारातून आत जाता येत नसे. एस्प्लनेडच्या मैदानावर पारशी आणि हिंदू तरुण क्रिकेट खेळत. पारशांनी तर १८४८ सालीच ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला होता आणि १८६६ साली हिंदूंचा बॉम्बे युनियन क्लब निघाला. पण त्याच मैदानावर जिमखान्याचे साहेब पोलो खेळत आणि त्यांच्या घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्यांची पार नासाडी होई. चेंडू टाकावा तर तो खड्ड्यात पडे. या प्रकाराविरुद्ध १८८१ साली हिंदी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केला. त्या लढ्यात शापुरजी सोराबजी हे पारशी गृहस्थ पुढे होते. त्यांनी १८९७ साली या भांडणाचा इतिहासच छापून ठेवला. दिसावयास हे भांडण चेंडूफळीचे होते, परंतु शहरातील मोकळी जमीन कोणाची, हा प्रश्न त्याच्या पोटात होता.

या तंट्यातून एक वाट निघाली. केनेडी सी-फेस नावाच्या समुद्रकाठच्या पट्टीत सरकारने निरनिराळ्या जमातींच्या क्लबांना जागा दिल्या. आज जेथे मरीन ड्राइव्हचा रस्ता आहे, तेथे त्या काळी समुद्र होता. एका बाजूला लाटा आणि दुसऱ्या बाजूला बी. बी. सी. आय. रेल्वेचे रूळ, अशा मधल्या चिंचोळ्या जमिनीवर ही मैदाने आखली गेली. १८८५ साली पारशी जिमखाना स्थापन झाला. त्याच्या उभारणीत सर जमशेटजी जीजीभाई आणि जमशेटजी टाटा यांच्यासारखे उद्योगपती होते. त्यानंतर इस्लाम जिमखाना निघाला. हिंदूंना मागे राहणे शक्यच नव्हते. जागा सरकारने दिली, पण जागेवर इमारत उभी करावयास पैसा लागतो. गोवर्धनदास परमानंददास यांनी दहा हजार रुपये दिले आणि त्यांच्या वडिलांचे नाव जिमखान्याला देण्यात आले. मे १८९४ मध्ये गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

या देणगीचा थोडा विचार केला पाहिजे. आपल्या व्यापारी वर्गाला दानधर्म नवा नव्हता. धर्मशाळा बांधणे, विहीर खोदणे, पांजरपोळ चालविणे, देवळाचा कळस चढविणे, ही पुण्यकर्मे पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. एकोणिसाव्या शतकात त्यांत इस्पितळे, ग्रंथालये आणि विद्यालये यांची भर पडली. प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाच्या मनोऱ्यासाठी पैसा दिला आणि त्याला आपल्या मातोश्रींचे, राजाबाईंचे, नाव मिळाले, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु धर्मशाळेत थकलेला प्रवासी उतरतो, इस्पितळात रोगी जातो. धडधाकट, खाऊनपिऊन सुखी असलेल्या माणसांनी खेळावे, गप्पा माराव्यात आणि चहा घ्यावा, यासाठी दहा हजार रुपये देणे ही दानाची कल्पनाच निराळी होती. पित्याचे नाव आता खेळाच्या मंडपावर झळकू लागले. पुण्य मिळविण्यासाठी दिलेला पैसा आणि प्रतिष्ठा मिळविण्यासाठी दिलेला पैसा यांत भेद करणारे पुष्कळ आहेत. आम्हांला मात्र तो भेद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. देणाऱ्याचा हेतू काहीही असो, दिलेल्या वस्तूने पुढे समाजाचे काय केले, हेच इतिहासाने पाहावयाचे असते.

तर या जिमखान्याने काय केले? पहिली गोष्ट अशी की, एरवी एकमेकांच्या घरी पाऊल न टाकणाऱ्या माणसांना त्याने एका छपराखाली आणले. भाटिये, वाणी, प्रभू, सारस्वत, देशस्थ, कोकणस्थ अशा निरनिराळ्या ज्ञातींची माणसे मुंबईत होती. त्यांच्या वाड्या वेगळ्या, पंक्ती वेगळ्या, भाषासुद्धा वेगळ्या. गुजराती पेढीवाला आणि मराठी वकील यांची गाठ पडे ती कोर्टात किंवा बाजारात. जिमखान्यात ते एकाच बाजूने ओरडू लागले. आपण सारे एका संघाचे, ही भावना सभेतल्या ठरावापेक्षा अशा ओरडण्यातून अधिक लवकर रुजते, हे कोणत्याही खेळाच्या मैदानावर जाऊन पाहावे.

दुसरी गोष्ट, या जिमखान्याकडे निवडीचा अधिकार आला. हिंदूंचा संघ कोणता, कप्तान कोण, हे तेथे ठरू लागले. म्हणजे एका व्यापाऱ्याच्या देणगीतून निघालेल्या खाजगी क्लबाला साऱ्या समाजाच्या नावाने बोलण्याचा हक्क मिळाला. आणि ज्या क्षणी हा हक्क मिळाला, त्याच क्षणी एक अडचणीचा प्रश्न दारात येऊन उभा राहिला. समाज म्हणजे कोण? त्यात कोणाची गणना करावयाची?

हा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाचे नाव पळवणकर बाळू. त्यांचा जन्म १८७६ साली धारवाडला एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करात नोकरीला होते आणि घराण्याचे मूळ गाव कोकणातले पळवण. बाळूंनी पुण्यात प्रथम पारशांच्या क्रिकेट क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडण्याचे आणि लोळण फिरविण्याचे काम केले. पुढे १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात ते चार रुपयांवर लागले. तेथे सरावासाठी चेंडू टाकावयास माणूस हवा असे. बाळू डाव्या हाताने फिरकी टाकू लागले. कॅप्टन ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज त्यांना आपल्या सरावासाठी बोलावी आणि बाद केल्यास दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. मात्र बॅट हाती घेण्याची संधी त्यांना त्या क्लबात मिळाली नाही. फलंदाजी साहेबांनी करावयाची, चेंडू नोकराने टाकावयाचे, अशी ती वाटणी होती.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवावयाचे होते. त्यासाठी बाळूंसारखा गोलंदाज दुसरा नव्हता. क्लबात मतभेद झाले. तेलुगू मंडळी त्यांना घेण्याच्या बाजूची होती, काही ब्राह्मण सभासद विरुद्ध होते. शेवटी बाळूंना घेतले, पण कसे? मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांनी हाताळावयाचा आणि चहाची सुटी झाली की त्यांनी मंडपाबाहेर उभे राहावयाचे. इतरांना चिनी मातीच्या पेल्यांतून चहा आणि त्यांना फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यातून. जेवणाचे पान वेगळे, जागा वेगळी. मंडळी, यात एक मोठा तर्कदोष आहे आणि तो त्या काळच्या शहाण्यासुरत्या माणसांना दिसत नव्हता असे आम्हांला वाटत नाही. तोच चामड्याचा चेंडू हातातून हातात जात होता. स्पर्शाने विटाळ होतच असेल, तर तो चेंडूने आधीच झाला होता. म्हणजे विटाळाची भीती हे कारण नव्हतेच. आपल्या गरजेपुरता माणूस आत घ्यावा आणि गरज सरली की त्याला बाहेर ठेवावा, हा तो व्यवहार होता. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यावर पुण्याच्या हिंदूंनी विजय मिळविला, तेव्हा सात बळी बाळूंनी घेतले. विजय सर्वांचा होता, चहा मात्र बाहेर होता.

१८९६ साली प्लेगाची साथ आली आणि त्यानंतर बाळू मुंबईस गेले. तेथे ते रेल्वेच्या संघातून आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. येथेही त्यांच्या प्रवेशाबद्दल कुरबूर झालीच. पण मुंबईचा जिमखाना पुण्याच्या एक पाऊल पुढे गेला. तेथे बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांना इतरांबरोबर बसून खाण्यापिण्यास प्रत्यवाय राहिला नाही. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंचा संघ प्रथमच मुंबईच्या गोऱ्या संघाशी भिडला. सामना बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर होता. ज्या मंडपात हिंदी माणूस सभासद म्हणून पाय ठेवू शकत नव्हता, त्याच मंडपासमोर हिंदूंनी १०९ धावांनी विजय मिळविला. बाळूंनी सामन्यात आठ बळी घेतले. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारणावादी पत्राने या विजयाचे स्वागत करताना धावांपेक्षा पंक्तीला अधिक महत्त्व दिले. चर्मकार बंधूंना बरोबरीने वागविणे ही सुधारणेची पायरी आहे, असा त्याचा अभिप्राय होता. आमच्या मते तो अभिप्राय यथार्थ होता. शेठजींनी दिलेले दहा हजार रुपये त्या दिवशी खऱ्या अर्थाने कारणी लागले.

येथे कथा संपली असती तर ती गोड झाली असती. पण पंक्ती मिळाली तरी कप्तानपद मिळत नव्हते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल हिंदी संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यातील सर्व सामने मिळून बाळूंनी ११४ बळी घेतले. एवढा पराक्रम गाठीशी असूनही हिंदू संघाच्या कप्तानपदी त्यांची नेमणूक कधी झाली नाही. हा अन्याय १९२० साली चव्हाट्यावर आला. त्या वर्षी बाळूंना संघातून वगळले गेले. कप्तान पै आजारी पडले, तेव्हा विठ्ठल या अनुभवी बंधूचा हक्क बाजूला ठेवून प्रा. दिनकर बळवंत देवधर यांना कप्तान नेमले गेले. देवधर थोर खेळाडू होते, याबद्दल दुमत नाही. प्रश्न त्यांच्या योग्यतेचा नव्हता, निवडणाऱ्यांच्या मापाचा होता. विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून आपली नावे काढून घेतली आणि कारण वर्तमानपत्रातून जाहीर केले. शहरात चर्चा उसळली. अखेर तडजोड होऊन अंतिम सामन्यात बाळूंना उपकप्तान करण्यात आले. कप्तान पै मधूनच मैदानाबाहेर गेले आणि काही काळ का होईना, हिंदूंच्या संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली.

१९२३ साली विठ्ठल हे हिंदू संघाचे रीतसर कप्तान झाले आणि त्याच वर्षी अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने गोऱ्यांचा पराभव केला. सामना संपताच उच्चवर्णीय प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. ज्या भावाला एके काळी मंडपाबाहेर उभे केले जात होते, त्याच्याच धाकट्या भावाला आता खांद्यावर घेतले होते. या दोन घटनांमध्ये सुमारे पंचवीस-तीस वर्षे गेली. विठ्ठल पळवणकरांनी पुढे १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध केले. खेळाच्या इतिहासाची आवड असणाऱ्यांनीच नव्हे, तर समाजाचा अभ्यास करणाऱ्यांनीही त्याची दखल घ्यावयास हवी.

आता या कथेचा दुसरा पदर उलगडू. जातीचा अडसर जिमखान्याने हळूहळू सैल केला, पण त्याच्या नावातच एक कुंपण होते. तो हिंदू जिमखाना होता. शेजारी पारशी जिमखाना, त्याच्या जवळ इस्लाम जिमखाना, आणि १९१२ साली कॅथलिक जिमखानाही निघाला. प्रत्येक मैदान एका धर्माचे. १९०७ साली तिरंगी, १९१२ साली मुसलमान संघ येऊन चौरंगी आणि १९३७ साली ‘इतर’ म्हणून पाचवा संघ येऊन पंचरंगी, अशा सामन्यांची परंपरा वाढत गेली. लोकांची गर्दी लोटे, तिकिटे खपत. बहुतेक प्रेक्षक चांगल्या खेळाला दाद देत, मग खेळाडू कोणत्याही संघाचा असो. तथापि देशातील राजकारण जसजसे तापू लागले, तसतसे ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ ही पाटी खेळाच्या मैदानावर पाहणे अनेकांना सलू लागले. सविनय कायदेभंगाच्या काळात हे सामने बंद पडले आणि १९३४ साली पुन्हा सुरू झाले.

डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे एक शिष्टमंडळ वर्ध्याला गांधीजींच्या भेटीस गेले. देशातील पुढारी तुरुंगात असता असे सामने खेळावेत काय, असा त्यांचा प्रश्न होता. गांधीजींनी त्या वर्षीच्या सामन्यांबद्दल नापसंती दाखविलीच, पण त्याहून खोल जाऊन जातवार संघांची कल्पनाच खिलाडूपणाशी विसंगत असल्याचे सांगितले. शहरे, महाविद्यालये, संस्था यांचे सामने त्यांना समजू शकत होते, धर्मांचे सामने समजत नव्हते. जिमखान्याच्या सभासदांत जोरदार वाद झाला, मतदान झाले आणि हिंदू संघाने त्या वर्षी माघार घेतली. पुढच्या वर्षी संघ पुन्हा उतरला, परंतु परंपरेचा पाया हलला होता. १९४६ साली हे सामने कायमचे थांबविण्यात आले.

कोणी विचारील, मग जातवार जिमखाने काढले हेच चुकले काय? आम्ही इतक्या घाईने निवाडा देणार नाही. १८९४ साली गोऱ्यांचे दार बंद होते, मोकळ्या जमिनीवर घोडे नाचत होते आणि सरकार जमीन देत होते ते जमातींच्या हिशेबाने. त्या परिस्थितीत व्यापाऱ्याच्या पैशाने आपले एक घर बांधले गेले, तो स्वाभिमानाचा विजय होता. परंतु दुसरे नमुने त्याच काळात घडत होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला. त्याच्या नावात धर्म नव्हता, प्रदेश होता. उद्योगपती सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष असताना तेथील धावपटू त्यांच्या नजरेस भरले आणि त्यातूनच १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला सहा हिंदी खेळाडूंचा संघ गेला. त्यांत फडेप्पा चौगुले हे मॅरॅथॉन धावले आणि एकोणिसावे आले. एका क्लबाच्या पटांगणातून देशाचा संघ निघाला.

बाळू पळवणकर १९५५ साली निवर्तले. खेळाच्या बाहेरही त्यांचे नाव सार्वजनिक जीवनात आले होते. १९३२ च्या पुणे कराराखाली त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या बाजूने ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. त्यांच्या राजकीय भूमिकेबद्दल कोणाचे काहीही मत असो, ज्या माणसाने केवळ आपल्या मनगटाच्या बळावर एका श्रीमंत संस्थेला आपला उंबरठा खाली करावयास लावला, त्याचे स्मरण त्या संस्थेच्या इतिहासात देणगीदाराच्या बरोबरीने व्हावयास हवे.

तात्पर्य सांगावयाचे तर एवढेच. उद्योजकाची देणगी इमारत उभी करते. मैदान, मंडप, खुर्च्या, वाचनालय हे सारे पैशाने येते. पण त्या खुर्चीवर कोणाला बसता येईल, हे देणगीच्या कागदावर लिहिलेले नसते. ते पुढचे सभासद ठरवितात, आणि पुष्कळदा बाहेर उभा असलेला माणूस त्यांना ते ठरविणे भाग पाडतो. आज गावोगावी उद्योगपतींच्या नावाची सभागृहे, क्लब आणि क्रीडासंकुले उभी राहत आहेत. त्यांचे स्वागत करावे. मात्र उद्घाटनाच्या फिती कापून झाल्यावर आपण नागरिकांनी दोन प्रश्न विचारीत राहावे. एक, येथे राबणारा माणूस येथे बसू शकतो काय? आणि दोन, या संस्थेच्या नावाने बोलताना आपण कोणाला वगळीत आहोत?

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. व्याख्यान ऐकावयास ज्ञाती विचारण्याचे कारण नाही, हीच त्या उपक्रमातली मोठी शक्ती होती. आपणही त्याच परंपरेच्या मांडवात बसलो आहोत. म्हणूनच आपल्या शहरातील जिमखाने, वाचनालये, तालमी आणि क्लब यांचा असाच इतिहास कोणी तरी जुन्या नियमावल्या आणि सभांची इतिवृत्ते काढून लिहावा, अशी श्रोत्यांना विनंती करून आम्ही हा विषय येथे पुरा करतो.